कासवाची टाकी: वाढीचं माप धरून घ्या

क्रॉफर्ड मार्केटमधलं रेड-इअर्ड स्लायडर या परदेशी कासवाचं पिल्लू तळहातावर मावतं, म्हणून घरी वाडग्याएवढी टाकी येते. पण मादी 25 ते 30 सेंटीमीटरपर्यंत वाढते! ढोबळ हिशेब असा: पाठीच्या दर इंचामागे साधारण 40 लिटर पाणी. आठ इंची कासवाला 320 लिटर. टाकी उंचीपेक्षा लांबी-रुंदीला मोठी बघा, वर चढून अंग कोरडं करायला जागाही हवी.

आणि वजन? नुसतं पाणीच 320 किलो. जुन्या इमारतीच्या बाल्कनीत अजिबात नको. आधी इंजिनिअरला विचारा. एवढी जागा नसेल तर पिल्लू आणूच नका. नंतर पवई तलावात सोडलंत, तर तिथल्या देशी कासवांचं अन्न आणि ऊन खायची जागा ते बळकावतं.