साबण, पावडर, सेल: पुरवून वापरण्याची मापं

कपड्यांची पावडर, भांड्यांचं लिक्विड, हँडवॉश, शॅम्पू या वस्तू घरात अंदाजाने ओतल्या जातात, आणि अंदाज बहुतेक वेळा जास्तीच्याच बाजूला चुकतो. माप किती खाली आणता येतं आणि कोणत्या वस्तूच्या मापाला हात लावायचा नाही, एवढं कळलं की महिन्याचं सामान सहज सव्वा-दीड महिना पुरतं. त्यासाठी नवीन काही विकत आणावं लागत नाही. एक मार्कर, एक मोजचमचा आणि थोडा धीर पुरे.

आधी तारीख, मग माप

कोणतीही बाटली किंवा पाकीट उघडलं की त्यावर त्याच दिवशी तारीख लिहा. संपलं की किती दिवस पुरलं ते कपाटाच्या दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर नोंदवा. ही नोंद नसेल तर बचत होते आहे की नुसती वाटते आहे, ते कळायला मार्ग नाही.

मग माप एकदम निम्मं करू नका. चौथा हिस्सा कमी करा. सध्या 40 मिली घालत असाल तर 30 वर या आणि चार-पाच वेळा तेच माप ठेवा. काम पूर्वीसारखंच होत असेल तर आणखी चौथा हिस्सा कमी करा, म्हणजे साधारण 22 मिली. ज्या मापाला कॉलर मळकट राहू लागते किंवा ताट बोटाला तेलकट लागतं, त्याच्या आधीचं माप तुमचं. घरोघरी पाणी वेगळं आणि मळ वेगळा, म्हणून दुसऱ्याचं माप तसंच्या तसं उचलून चालत नाही. मिळालेल्या मापाची रेघ टोपणावर किंवा डावावर मार्करने मारून ठेवा, म्हणजे घरातला कुणीही धुवायला बसला तरी तेवढंच पडेल.

कपडे: फेस म्हणजे स्वच्छता नव्हे

सगळ्यात मोठी गळती इथे असते. फेस दिसला नाही तर कपडे निघाले नाहीत असं वाटतं आणि हात पुन्हा पावडरकडे जातो. प्रत्यक्षात फेस म्हणजे साबणाच्या पाण्यात अडकलेली हवा. मशीनमध्ये फेस फार झाला की कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत, नुसते तरंगतात. शिवाय खळबळताना साबण पुरता निघत नाही. तो धाग्यांत राहतो आणि पुढचा मळ धरून ठेवतो. टॉवेल कडक होणं, काळ्या कपड्यांवर पांढरट पट्टे उमटणं, धुतलेल्या कपड्याला ओलसर वास येणं ही सगळी बहुतेक वेळा जास्तीच्या पावडरीची लक्षणं असतात. दुर्दैवाने ती दिसली की लोक पावडर वाढवतात.

तपासून बघायला सोपं आहे. धुतलेले दोन-तीन टॉवेल घ्या, मशीनमध्ये पावडर न घालता नुसत्या कोमट पाण्यात पाच मिनिटं फिरवा आणि थांबवून आत पाहा. फेस दिसला तर तो मागच्या धुण्यांचा साठलेला साबण आहे. फेस येईनासा होईपर्यंत साध्या पाण्याच्या एक-दोन फेऱ्या द्या आणि त्यानंतरच कमी मापाचा प्रयोग सुरू करा. साठलेला साबण न काढता माप कमी केलं तर पहिल्या काही धुण्यांत काय कशामुळे होतं आहे ते कळत नाही.

लिक्विडचं टोपण काठोकाठ भरायचं नसतं. आत रेघा असतात, त्या उजेडात धरून एकदा नीट बघा. पावडरीच्या बाबतीत डावावर विसंबू नका. एक पावडर हलकी फुलकी असते, दुसरी दाट, आणि एकाच डावात दोघींचं वजन वेगळं भरतं. ब्रँड बदलला की स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा डावभर पावडर मोजा. पुढून उघडणाऱ्या मशीनला पाणी कमी लागतं, म्हणून तिच्यासाठी कमी फेसाचीच पावडर वापरा. साधी पावडर अगदी थोडी घातली तरी तिथे फेस होतो.

पाणी जड असेल तर हिशेब बदलतो. पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात अंगाच्या साबणाचा थोडासा कीस टाका (डिटर्जंट नको, त्याने फरक कळत नाही) आणि दहा सेकंद जोरात हलवा. वर भरपूर फेस आणि खाली बऱ्यापैकी नितळ पाणी दिसलं तर पाणी हलकं आहे. फेस थोडा आणि पाणी दुधट, त्यात फाटल्यासारखे कण दिसले तर जड. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबण खाऊन टाकतात. अशा ठिकाणी पावडर वाढवण्यापेक्षा धुण्याचा सोडा घाला, तो बराच स्वस्त पडतो. बादलीभर पाण्याला एक टेबलस्पून, आधी तांब्याभर गरम पाण्यात विरघळवून. लोकर, रेशीम आणि ॲल्युमिनियमची भांडी मात्र सोड्यापासून लांब ठेवा, खराब होतात. हातात मोजे घाला.

हाताने धुताना पावडर कोरड्या कपड्यांवर भुरभुरवू नका. ती एका जागी चिकटते, रंगाला डाग पडतो आणि न विरघळलेली पावडर तशीच गटारात जाते. आधी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, मग कपडे बुडवा, अर्धा तास ठेवा. एन्झाइमवाली पावडर असेल तर पाणी कढत नको, उकळत्या पाण्याने एन्झाइम निकामी होतात. रात्रभर भिजवून जास्त फायदा होत नाही, सुटलेला मळ परत कापडात बसू लागतो. तेच पाणी आधी फिकट कपड्यांना, मग गडद कपड्यांना, शेवटी पायपुसण्यांना आणि फरशीच्या फडक्यांना वापरा. क्रम उलटा झाला की फिकट कपडे कायमचे मळकट दिसतात.

भांडी

घासणीवर थेट लिक्विड ओतलं की त्यातलं बरंचसं पहिल्या ताटाबरोबर धुऊन जातं. त्याऐवजी वाडग्यात एक लिटर कोमट पाणी आणि एक चहाचा चमचा, म्हणजे 5 मिली लिक्विड घ्या आणि घासणी त्यात बुडवत राहा. काचेचे पेले आधी, ताटं नंतर, तेलकट भांडी सर्वांत शेवटी.

खरं लिक्विड खातं ते तेल. तेलकट भांडं घासायला घेण्यापूर्वी रद्दी कागदाने किंवा टाकाऊ चिंधीने पुसून घ्या. या एका सवयीने जेवढं लिक्विड वाचतं तेवढं दुसऱ्या कशाने वाचत नाही, आणि सिंकचा पाइपही तुंबत नाही. अंडं किंवा दूध लागलेलं भांडं आधी गार पाण्यात भिजवा. गरम पाण्याने प्रथिनं घट्ट होऊन चिकटतात, आणि मग घासायला दुप्पट वेळ व दुप्पट साबण लागतो. तेलाला मात्र गरमच पाणी.

लिक्विड पातळ करून बाटलीत ठेवायचं असेल तर एका भागाला तीन भाग पाणी चालतं, पण तीन-चार दिवसांपुरतंच करा. मूळ बाटलीतलं टिकाऊपणाचं रसायन तेवढ्याच दाटपणाला पुरेल असं घातलेलं असतं. पाणी मिसळलं की तेही पातळ होतं आणि जंतू वाढू शकतात. वास बदलला किंवा बुळबुळीत तार सुटली तर ते फेकून द्या आणि बाटली गरम पाण्याने धुऊन वाळवून मगच पुन्हा भरा. शॅम्पूलाही हेच लागू.

हँडवॉशसाठी फेसाचा पंप वेगळा मिळतो, त्याची रिकामी बाटली जपून ठेवा. एक भाग हँडवॉश आणि चार भाग पाणी हळूच मिसळून भरा. दाट द्रव घातला तर पंपाची जाळी तुंबते, आणि साध्या पंपात हे पातळ मिश्रण घातलं तर पिचकारी उडते. साधाच पंप असेल तर त्याच्या दांड्यावर, डोक्याच्या खाली, रबरबँडचे दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळा. पंप अर्धाच दाबला जातो आणि तेवढंच बाहेर येतं. मुलं हात धुतात त्या बेसिनवर हा उपाय फार कामाचा.

साबणाची वडी

वडी झिजते त्याहून जास्त विरघळते. खाली पाणी साचणाऱ्या डबीत ठेवलेली वडी सारखी मऊ पडते. खाली भोकं किंवा उंच दांडे असलेली जाळी घ्या, शॉवरच्या धारेपासून दूर ठेवा, आणि एकाच वेळी बरेच जण वापरत असतील तर दोन वड्या आळीपाळीने ठेवा म्हणजे प्रत्येकीला सुकायला वेळ मिळतो. जादा वड्या वेष्टन काढून हवेशीर जागी तीन-चार आठवडे ठेवल्या तर ओल कमी होऊन त्या टणक होतात.

उरलेला पातळ तुकडा नव्या वडीला चिकटवताना दोन्ही ओले करून फेस येईपर्यंत चोळा, दाबा आणि रात्रभर तसेच राहू द्या. तुकडा कोरडा होऊन तडकला असेल तर चिकटत नाही. तो आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा.

खूप तुकडे साठले तर ते किसून 100 ग्रॅम कीस एक लिटर पाण्यात मंद आचेवर विरघळवा. उकळी येऊ देऊ नका, फेस भांड्याबाहेर येतो. रात्रभरात ते घट्टसर होतं. जेलीसारखं आळलं तर थोडं गरम पाणी घालून घुसळा. बेसिन, बाथरूमच्या फरशा, हाताने धुवायचे कपडे यांना ते उत्तम. मशीनमध्ये नको. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच करा.

जिथे माप कमी करायचं नाही

जंतुनाशक हे साबणासारखं नसतं. ठरलेल्या दाटपणाखाली गेलं की ते कमी काम करतं असं नाही, कधी कधी करतच नाही. 5 टक्के ब्लीच असेल तर 20 मिलीला 980 मिली पाणी, म्हणजे 0.1 टक्क्याचं द्रावण होतं. पृष्ठभाग आधी साबणाने धुवा, कारण मळावरच क्लोरीन खर्ची पडतं. मग द्रावण लावून दहा मिनिटं ओलं राहू द्या. हे द्रावण त्याच दिवशी वापरायचं, उरलं तर उद्यासाठी ठेवून उपयोग नाही. बचत करायची तर लावायची जागा कमी करा: सगळी फरशी रोज जंतुनाशकाने पुसायची गरज नसते, साध्या साबणाने भागतं. ब्लीच कधीही व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर किंवा अमोनियाच्या क्लीनरबरोबर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

हँड सॅनिटायझरला किमान 60 टक्के अल्कोहोल लागतं. 70 टक्क्यांच्या बाटलीत तेवढंच पाणी घातलं तर 35 टक्के उरतं, आणि ते हातावर चोळणं म्हणजे स्वतःची फसवणूक. सनस्क्रीनचा आकडा त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून काढलेला असतो, पातळ थर दिला की तेवढं संरक्षण मिळत नाही. कॉन्टॅक्ट लेन्सच्या डबीतल्या जुन्या द्रावणात नवीन भर घालू नका, डोळ्याच्या संसर्गाला तेवढं निमित्त पुरतं. औषधाचा डोस पुरवून वापरणं तर कधीच नाही.

टूथपेस्ट मात्र कमी चालते. मोठ्यांना वाटाण्याएवढी पुरे, तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी. ट्यूब सपाट झाली की मधोमध कापा, आत आणखी काही दिवसांची पेस्ट निघते.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फसफसणारं मिश्रण करू नका. आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, आणि उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरा: क्षार काढायला व्हिनेगर, घासायला सोडा. संगमरवराला व्हिनेगर लावायचं नाही, दगड खाल्ला जातो.

घासण्या आणि फडकी

स्पंजची घासणी मधोमध कापा, अर्धी तेवढंच काम करते. वापर झाल्यावर पिळून उभी ठेवा. ओली आडवी पडली की दोन दिवसांत वास मारते. तारेची घासणी लागेल तेवढाच तुकडा कापून घ्या, बाकीची कोरड्या डब्यात.

फडक्यांसाठी जुनं सुती कापड निवडा. कापडावर पाण्याचा थेंब टाका: लगेच शोषला गेला तर ठेवा, मण्यासारखा वर राहिला तर ते पुसायच्या कामाचं नाही. साधारण 30 सेंटिमीटरचे चौकोन कापा. टॉवेलना सॉफ्टनर लावू नका, त्याचा थर बसून पाणी शोषलं जात नाही.

सेल

खेळणं बंद पडलं म्हणून सेल संपला असं नसतं. नवा अल्कलाइन सेल सुमारे 1.5 व्होल्टचा असतो. मोटर किंवा कॅमेरा बऱ्याच वेळा 1.2 च्या आसपासच थांबतो, पण भिंतीवरचं घड्याळ आणि रिमोट त्याच सेलवर आणखी काही महिने चालतात. म्हणून असे सेल वेगळ्या डबीत ठेवा आणि घड्याळाला आधी तेच लावा. धुराच्या अलार्मला मात्र नेहमी नवे.

जुना आणि नवा सेल एकत्र लावू नका. अशक्त सेल उलटा भारित होऊन गळतो आणि वस्तूच निकामी होते. जे उपकरण महिनाभर वापरायचं नाही त्यातले सेल काढून ठेवा. पत्र्यावर पांढरा थर दिसला तर व्हिनेगरमध्ये किंचित बुडवलेल्या कापसाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सेल फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, बाहेर काढल्यावर त्यांवर ओल धरते.

मोठं पाकीट घेताना

दारावरची तारखांची यादी इथे कामी येते. ब्लीचचा जोर उजेडात आणि उष्णतेत कमी होतो, म्हणून ते चार-सहा महिन्यांत संपेल एवढंच घ्या. पावडर मोठी घेतली तरी चालते, पण डबा कोरडा आणि डाव बाहेर ठेवा. गुठळ्या झाल्या तरी पावडर वाया गेली असं नाही, गरम पाण्यात विरघळवून वापरा.

मोठी बाटली हाताशी असली की हात सैल सुटतो. तिच्यातून बारीक भोकाच्या छोट्या बाटलीत काढून घ्या आणि मोठी उंच कपाटात ठेवा. छोट्या बाटलीवर आत काय आहे आणि किती पातळ केलं आहे ते ठळक लिहा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत यातलं काहीही भरू नका, लेबल लावलं तरीसुद्धा. मूल लेबल वाचत नाही.