कुत्र्याला टीव्हीटी या कॅन्सरसाठी विन्क्रिस्टिन चालू असेल तर काय बघायचं

रस्त्यावरच्या कुत्र्यांना लघवीच्या जागी फ्लॉवरसारखी लाल गाठ येते आणि रक्त ठिबकत राहतं, ते बऱ्याचदा टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरिअल ट्यूमर) असतं. हा कॅन्सर समागमातून, चाटण्यातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो, पण बरा होण्याचे चान्सेस खूप चांगले, म्हणून प्लीज सोडून देऊ नका. आधी सुईने पेशी घेऊन तपासून घ्या.

औषध विन्क्रिस्टिन, आपल्या सदाफुलीतूनच मिळतं, पेशींचं विभाजन थांबवतं. आठवड्यातून एकदा शिरेतून, साधारण ४ ते ६ डोस. इंजेक्शन शिरेबाहेर गेलं तर तिथली कातडी सडते, त्यामुळे कुत्रं घट्ट धरायला दोन माणसं लागतात आणि हे घरी करायचंच नाही, डॉक्टरांकडेच.

प्रत्येक डोसआधी सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) करा, पांढऱ्या पेशी फार कमी असतील तर डॉक्टर डोस पुढे ढकलतात. डोसनंतर ४ ते ७ दिवस जास्त जपायचं, कारण पेशी तेव्हाच खाली येतात. ताप १०३ फॅरनहाइटच्या वर, सुस्ती, खाणं बंद, यातलं काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका, लगेच फोन करा. उलटी किंवा बद्धकोष्ठ झालं तरी कळवा, आपल्या मनाने माणसांची गोळी देऊ नका.

शी-शू साफ करताना पहिले दोन-तीन दिवस ग्लोव्ह्ज हवेतच, घरात कुणी गरोदर असेल तर तिने हे काम करूच नये. आणि गाठ बारीक झाली म्हणून मधेच डोस सोडू नका, कधी थांबायचं ते डॉक्टर गाठ तपासून ठरवतील.