आधी परतीची बस, मग शिखर

परदेशात शिकताना शनिवार-रविवारी डोंगर गाठायचा असेल, तर आखणी परतीच्या बसपासून उलटी सुरू करा. डोंगराळ गावांतल्या बसचं रविवारचं वेळापत्रक बऱ्याचदा वेगळं असतं. थांब्यावरच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत ‘फक्त शाळेच्या दिवशी’ असं काही लिहिलेलं असेल, तर तेच नेमकं मुळावर येतं. उतरल्या उतरल्या तक्त्याचा, तळटीपेसकट, फोटो काढून ठेवा.

मग चालण्याचा हिशेब. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. म्हणजे १२ किलोमीटरची वाट आणि ९०० मीटर चढ असेल, तर जवळपास चार तास. यात बसणं, खाणं, फोटो, वाट चुकणं काहीच धरलेलं नाही. नवख्यांनी सरळ दीडपट धरावं, मग भले सोबतचे हसोत. बस पाचची असेल, तर दहाला पाय वाटेवर हवेत.

उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण ६.५ अंशांनी उतरतं, त्यामुळे खाली ऊन असलं तरी जाकीट घ्याच. विद्यार्थी विम्यात डोंगरावरची सुटका, विशेषतः हेलिकॉप्टरची, धरलेली असेलच असं नाही. निघण्याआधी पॉलिसी वाचा. कुठल्या वाटेने जाताय आणि किती वाजता परतणार, हे रूममेटला लिहून द्या.