दोष रॅमचा नव्हता
गोदामातल्या मिनी पीसीवर (4 कोअर, 8 जीबी रॅम) केव्हीएमखाली (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले दोन वेगळे संगणक, चालवत होतो. एकात कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, दुसऱ्यात सेन्सरच्या नोंदी. रेकॉर्डिंग सारखं अडखळायचं. मी आधी रॅमवर खापर फोडलं, उगाच! खरी गोम वेगळीच होती: व्हर्च्युअल मशीनची डिस्क आयडीई (जुन्या पद्धतीची डिस्क-जोडणी) आणि नेटवर्क कार्ड ई1000 (इंटेलचं जुनं कार्ड) प्रकारचं ठेवलेलं. म्हणजे क्यूईएमयू (केव्हीएमच्या जोडीने नकली हार्डवेअर पुरवणारा प्रोग्रॅम) जुन्या हार्डवेअरचं सोंग वठवत होता आणि त्यापायी गेस्टला (आतल्या व्हर्च्युअल मशीनला) दर वेळी थांबून होस्टचं (मूळ पीसीचं) तोंड बघावं लागत होतं. दोन्ही व्हर्टआयओवर (खास व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेली जोडणी) नेलं. गेस्ट विंडोज असेल तर व्हर्टआयओचे ड्रायव्हर आधी टाका, नाहीतर बूटच होत नाही. माझी एक रात्र त्यातच गेली. सेन्सरच्या कामाला वेगळ्या कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची) गरजच नव्हती, ते एलएक्ससी कंटेनरमध्ये (होस्टचाच कर्नल वापरणाऱ्या वेगळ्या कप्प्यात) हलवलं. रेकॉर्डिंग आता सुरळीत चालतंय.