जुन्या कॉर्व्हेटचं पॉवर स्टीअरिंग: दोष शोधायचा कुठून

१९६३ ते १९८२ मधल्या कॉर्व्हेटच्या (शेवरोलेची अमेरिकी स्पोर्ट्स कार) स्टीअरिंगला हात लावण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. या गाडीच्या स्टीअरिंग बॉक्समध्ये हायड्रॉलिकचं काहीही नाही. बॉक्स साधा, हाताने फिरणारा आहे. जोर लावणारा सिलिंडर बाहेर, गाडीच्या पोटाखाली आहे. त्याचं एक टोक चॅसीच्या ब्रॅकेटला आणि दुसरं दोन्ही चाकांना जोडणाऱ्या रिले रॉडला धरलेलं असतं. सिलिंडरच्या कुठल्या बाजूला तेल सोडायचं हे पिटमन आर्मजवळचा (बॉक्समधून निघणारा, स्टीअरिंगबरोबर वळणारा लोखंडी हात) कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो. तुम्ही स्टीअरिंग वळवलं की पिटमन आर्म व्हॉल्व्हमधला बॉल स्टड (गोल डोक्याची खुंटी) ढकलतो, आतला स्पूल (तेलाची वाट बदलणारी सरकती दांडी) केसभर सरकतो आणि सिलिंडरच्या एका बाजूचा दाब वाढतो. स्टीअरिंग सरळ असताना दोन्ही बाजूंना सारखा दाब राहतो आणि तेल पंपाकडे परत जातं.

ही मांडणी माहीत नसलेला मेकॅनिक सवयीने पंप बदलतो, मग बॉक्स बदलतो, आणि गाडी होती तशीच राहते. मला ही व्यवस्था मनापासून आवडते. एकूण एक भाग उघड्यावर आहे, त्यामुळे दोष डोळ्यांनी बघता येतो. फक्त क्रम सोडायचा नाही.

पुढची चाकं उचलायची तर जॅक आणि स्टँड चॅसीच्या फ्रेमखालीच लावा. बॉडी फायबरग्लासची आहे, ती वजन घेणार नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका.

पहिली तपासणी इंजिन बंद ठेवून आणि चाकं जमिनीवर असताना करायची. एकाला आत बसवून स्टीअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खालून बघा. कॉलम (स्टीअरिंगखालचा दांडा) आणि बॉक्स यांच्यामधलं रबरी कपलिंग फाटलंय का? आयडलर आर्म (रिले रॉडचं दुसरं टोक धरणारा हात) वरखाली होतोय का? टाय रॉडच्या (रिले रॉडपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांच्या) टोकांत प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का? गाडी रस्त्यावर तरंगल्यासारखी चालते म्हणून व्हॉल्व्ह खोलायला आणलेल्या गाड्यांमध्ये बरेचदा दोष या तिघांपैकी एकात निघतो. बघताना एक मात्र लक्षात असू द्या. व्हॉल्व्हमधला बॉल स्टड इंजिन बंद असताना थोडासा हलणारच, कारण स्पूल सरकायला तेवढी जागा मुद्दाम ठेवलेली असते. ती झीज समजून चांगला व्हॉल्व्ह काढून टाकू नका.

आता चाकं वर घेऊन, इंजिन बंदच ठेवून, स्टीअरिंग एका लॉकपासून (पूर्ण वळून थांबतं ती जागा) दुसऱ्या लॉकपर्यंत सावकाश फिरवा. तेल इकडून तिकडे ढकललं जात असल्यामुळे थोडा विरोध जाणवेल, पण तो सगळीकडे सारखा हवा. मध्येच एका जागी अडकत असेल तर बॉल जॉइंट, कोरडे पडलेले ग्रीसचे सांधे किंवा बॉक्स तपासा. बॉक्सवरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले घालवायचा मोह टाळा. बॉक्स बरोबर मध्यावर नसताना तो आवळला तर आतले दाते खराब होतात.

इथवर सगळं ठीक असेल तरच तेलाकडे वळायचं. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना सारखंच जड लागत असेल तर आधी टायरमधली हवा, मग बेल्ट, मग तेलाची पातळी बघा. गाडी जागेवर उभी असताना स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर किंचाळण्याचा आवाज आला तर बेल्ट घसरतोय. पंप घरघरत असेल आणि टाकीतलं तेल फेसाळून दुधट झालं असेल तर तेलात हवा शिरली आहे. एकाच बाजूला जड आणि दुसऱ्या बाजूला हलकं लागत असेल तर पंपाला दोष देऊ नका. पंप दोन्ही बाजूंना एकच आहे. तो दोष व्हॉल्व्हच्या बॅलन्सचा (दोन्ही बाजूंना सारखा दाब राखण्याचा) किंवा सिलिंडरचा असतो.

गळती शोधणं हे या गाडीवरचं सगळ्यात चिकाटीचं काम. व्हॉल्व्ह आणि सिलिंडर पंपाच्या बरेच खाली असल्यामुळे कुठूनही गळलेलं तेल ओघळत त्यांच्यावरच येतं. म्हणून आधी सगळं धुऊन कोरडं करा, इंजिन चालू करून स्टीअरिंग काही वेळा फिरवा, आणि मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. पंपाच्या पुलीमागे तेल उडालेलं असेल तर शाफ्टचं सील गेलंय. पंपाच्या मागच्या अंगाला ओल असेल तर टाकी आणि पंप यांमधले ओ-रिंग बघा. व्हॉल्व्हच्या बॉल स्टडवरचं रबरी बूट बोटाने दाबून पाहा. आतून तेल पिचकलं तर बॉल स्टडचं सील संपलंय आणि व्हॉल्व्ह खाली उतरवावाच लागेल. सिलिंडरच्या दांड्यावर बोट फिरवा. त्यावर गंजाचे खड्डे लागले तर नुसतं सील बदलून उपयोग नाही, तो खरखरीत दांडा नवं सीलही कापून टाकेल. गळती थांबवणारी औषधं तेलात घालू नका. सील बदलायचं टाळायला ती घातली तरी तो उपाय टिकत नाहीच, वर खरा दोष झाकला जातो.

व्हॉल्व्ह काढताना बॉल स्टड पिटमन आर्मपासून सोडवायला पुलर वापरा. पाचर ठोकून काढलं तर बूट फाटतं. होजचे नट सोडताना दोन पाने लावा, एकाने फिटिंग धरायचं आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. एकूण चार होज आहेत: पंपाकडून येणारा दाबाचा, पंपाकडे परत जाणारा, आणि व्हॉल्व्हकडून सिलिंडरला जाणारे दोन. काढण्याआधी प्रत्येकावर खूण करा. सिलिंडरचे दोन होज अदलाबदल झाले तर मदत उलट्या दिशेने मिळते आणि इंजिन चालू होताच स्टीअरिंग झटक्यात एका लॉकला जाऊ शकतं. म्हणूनच जोडणीनंतर पहिल्यांदा इंजिन चालू करताना चाकं हवेत हवीत, आणि हात स्टीअरिंगच्या आऱ्यांमध्ये नकोत.

आता मुख्य काम, व्हॉल्व्हचा बॅलन्स. इंजिन चालू केल्याबरोबर कुणी हात न लावता स्टीअरिंग एका बाजूला फिरू लागलं, किंवा सरळ रस्त्यावर गाडी सतत एकीकडे ओढत असेल आणि अलाइनमेंट बरोबर असेल, तर बॅलन्स बिघडलाय. सिलिंडरचा दांडा चॅसीच्या ब्रॅकेटपासून सोडवा. व्हॉल्व्हच्या टोकावरची धुळीची टोपी काढा, आत एक अ‍ॅडजस्टिंग नट दिसेल. इंजिन चालू करा आणि दांड्याकडे बघा. दांडा आत ओढलेलाच राहत असेल तर तो बाहेर यायला लागेपर्यंत नट घड्याळाच्या दिशेने फिरवा. मग उलट फिरवत तो आत जायला लागतो ती जागा गाठा. या दोन जागांमध्ये नट किती फिरला ते नीट लक्षात ठेवा आणि त्याच्या बरोबर अर्धं अंतर परत घड्याळाच्या दिशेने या. दांडा सुरुवातीलाच बाहेर येत असेल तर हेच सगळं उलट दिशेने करायचं. नट गरजेपेक्षा जास्त वेळा पुढे-मागे करू नका, अशी कंपनीच्या मॅन्युअलमध्येच ताकीद आहे. मी नटावर आणि बाजूला पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढून घेतो, म्हणजे अर्ध्याचा अंदाज करावा लागत नाही. या कामात घाई अजिबात चालत नाही. नट किंचित इकडेतिकडे राहिला तरी रस्त्यावर ते हाताला जाणवतं.

दांडा परत जोडा, टोपी बसवा, इंजिन चालू करा. चाकं मधोमध असतील तिथून हलता कामा नयेत. हलली तर परत पहिल्यापासून.

शेवटी हवा काढायची. इंजिन बंद ठेवून टाकी भरा, चाकं वर असताना स्टीअरिंग सावकाश दोन्ही लॉकपर्यंत फिरवत राहा आणि पातळी खाली गेली की परत तेल घाला. बुडबुडे थांबले की इंजिन आयडलवर चालू करून तेच करा. लॉकला टेकल्यावर तिथे धरून ठेवू नका, पंपावर पूर्ण दाब येऊन तेल तापतं. फेस दिसला तर इंजिन बंद करून तेल निवळू द्या. टाय रॉड सोडवले असतील तर रस्त्यावर नेण्याआधी टो-इन (पुढच्या चाकांचा पुढून आत झुकलेला कोन) तपासून घ्या. थोडी गाडी चालवून आणल्यावर होज पुन्हा एकदा बघा. स्टीअरिंग दोन्ही लॉकला नेल्यावर कुठलाही होज फ्रेमला किंवा एक्झॉस्टला घासायला नको.