पाटी, पुडी आणि पॅम्प्लेट: होमिओपॅथी-आयुर्वेदाकडे जाण्याआधी काय तपासायचं

होमिओपॅथीचा विषय निघाला की घरात लगेच दोन गट पडतात. एकाला गुण आलेला असतो, दुसऱ्याला ते सगळं थोतांड वाटतं. कोल्हापूरकरांना हा वाद नवा नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात ग्रामीण महाराष्ट्रात आर्सेनिकम अल्बम ३० या होमिओपॅथीच्या गोळ्या वाटायची घोषणा झाली, तेव्हा ग्रामविकासमंत्री होते कागलचे हसन मुश्रीफ. २०२५ मध्ये होमिओपॅथांना ॲलोपॅथीची औषधं लिहू द्यावीत का यावरून डॉक्टर रस्त्यावर आले, तेव्हा वैद्यकीय शिक्षण खातंही मुश्रीफांकडेच होतं.

आधी तीन प्रश्न वेगळे करा. औषधाने खरंच गुण येतो का? देणाऱ्याला ते द्यायचा अधिकार आहे का? हातात पडलेला माल आणि त्याची जाहिरात कायद्यात बसते का? एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की फसगत होते. सरकारने पदवी मान्य केली म्हणून औषध सिद्ध होत नाही, आणि औषध सिद्ध नाही म्हणून पदवीधर डॉक्टर बोगस ठरत नाही.

पाटी वाचताना

नावाआधीच्या ‘डॉ.’वर थांबू नका, नावापुढची अक्षरं बघा. एमबीबीएस डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, बीएएमएसची (आयुर्वेदाची पदवी) महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे आणि बीएचएमएसची (होमिओपॅथीची पदवी) महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेकडे. बीएएमएस आणि बीएचएमएस हे दोन्ही साडेचार वर्षांचे अभ्यासक्रम आहेत, वर एक वर्ष इंटर्नशिप. पाटीवर किंवा चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक दिसला नाही तर सरळ मागा. नोंदणी असलेल्या डॉक्टरला त्यात अपमान वाटायचं कारण नाही. मिळालेला क्रमांक त्या-त्या परिषदेच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का ते पाहा. आडनाव एक आणि माणूस दुसरा, असंही घडतं, म्हणून वडिलांचं नाव आणि पदवीचं वर्षही ताडून घ्या.

‘इलेक्ट्रो होमिओपॅथी’ लिहिलेली पाटी दिसली तर जास्त सावध राहा. होमिओपॅथीशी तिचा नावापुरताच संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात इटलीच्या मात्तेई यांनी काढलेली ही वेगळीच पद्धत. केंद्र सरकारने २००३ च्या आदेशात तिला मान्यता दिलेली नाही आणि बीएचएमएसची नोंदणी तिचं प्रमाणपत्र दाखवून मिळत नाही.

आता सीसीएमपी. होमिओपॅथांसाठी हा आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो पूर्ण करणाऱ्यांना ठरावीक मर्यादेत ॲलोपॅथीची औषधं देता यावीत म्हणून राज्याने २०१४ मध्ये कायदा बदलला आणि ॲलोपॅथी डॉक्टरांच्या आयएमए या संघटनेने त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. २०२५ च्या जुलैमध्ये अशा डॉक्टरांची मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी सुरू होता होता थांबली, सप्टेंबरमध्ये पुन्हा शासन निर्णय निघाला आणि १८ सप्टेंबरला आयएमएने राज्यभर संप केला. रुग्णाने यातून एवढंच उचलावं: बीएचएमएस डॉक्टरने अँटिबायोटिक लिहून दिलं तर ‘आपलं सीसीएमपी झालंय का?’ असं विचारण्यात गैर काही नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूनम वर्मा खटल्यात मुंबईच्या एका होमिओपॅथला, शिक्षण नसताना ॲलोपॅथीचे उपचार केल्याबद्दल निष्काळजीपणाचा दोषी ठरवलं होतं. बीएएमएसचं गणित वेगळं आहे, त्यांना राज्याच्या आदेशाने काही मुभा आहे. म्हणून दोघांना एकाच मापाने मोजू नका.

बाटलीवरचा आकडा

होमिओपॅथीच्या बाटलीवर ३०, २०० असे आकडे असतात. आपल्याकडे नुसता आकडा बहुधा ‘सी’ मापाचा. मूळ अर्काचा एक भाग आणि अल्कोहोलचे नव्व्याण्णव भाग, हलवून घेतलं की झालं १सी. त्यातला एक भाग पुन्हा नव्व्याण्णवात, म्हणजे २सी. बाराव्या पायरीच्या आसपास मूळ पदार्थाचा एकही रेणू बाटलीत राहण्याची शक्यता संपत जाते. ३०सी म्हणजे एकावर साठ शून्यं एवढी पातळ मात्रा. आर्सेनिकमच्या गोळीने विषबाधा होत नाही आणि ती विषाणूलाही रोखत नाही, दोन्हींचं कारण हेच: गोळीत साखर आहे, आर्सेनिक नाही. पाण्याला ‘आठवण’ राहते हा दावा रसायनशास्त्रात टिकत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये ६१ आजारांवरचे अभ्यास तपासले. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा त्यांना एकाही आजारात सापडला नाही. इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेने २०१७ मध्ये ती लिहून देऊ नये अशी शिफारस केली आणि फ्रान्सने २०२१ पासून तिच्या खर्चाची परतफेड बंद केली. मग गुण आल्यासारखा का वाटतो? सर्दी आठवड्यात जाते, मुलांचा एक्झिमा कमी-जास्त होत राहतो, आणि अर्धा तास शांतपणे ऐकून घेणाऱ्या डॉक्टरचाही परिणाम होतो. घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘तुम्ही भोळे’ म्हणू नका. ‘औषध न घेता हे किती दिवसांत बरं झालं असतं?’ एवढं विचारा.

मात्र सगळ्याच बाटल्या निरुपद्रवी नसतात. ‘एक्स’ मापातली ३एक्स ही हजारात एक भाग असते, म्हणजे तिच्यात पदार्थ खरोखर असतो. ‘क्यू’ म्हणजे मूळ अर्क, त्यात अल्कोहोलही भरपूर. लहान मूल, गरोदर बाई, यकृताचा रुग्ण यांना तो देण्याआधी लेबलवरची अल्कोहोलची टक्केवारी वाचा. आयुर्वेदिक औषधावर घटकांची यादी, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत पाहिजेच. पारा, सोमल, बचनाग असे विषारी घटक असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची इंग्रजी-हिंदी सूचना छापणं बंधनकारक आहे. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य ऐकून निश्चिंत होऊ नका. कोरोनाच्या काळात काढा म्हणून गुळवेल घेतलेल्या मुंबईतल्या काही रुग्णांना यकृताचा दाह झाल्याची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहे.

लेबल नसलेली पुडी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. गुडघेदुखी, दमा किंवा सोरायसिसवर कुणी पांढरी पूड किंवा काळी गोळी देतो आणि दोन-तीन दिवसांत कमालीचा आराम पडतो. असा झटपट गुण आला की स्टेरॉइडचा संशय घ्या. पुढे भूक वाढते, चेहरा गोल होऊन सुजतो, साखर आणि रक्तदाब चढतो, अंगावर सहज काळे-निळे डाग पडतात.

संशय आला म्हणून औषध एकदम तोडू नका. काही आठवडे स्टेरॉइड पोटात गेलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. ते अचानक थांबलं तर उलट्या, गळून जाणं, रक्तदाब कोसळणं असे प्रकार होतात आणि जीवही जाऊ शकतो. उरलेल्या पुड्या घेऊन त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या किंवा तुमच्या भरवशाच्या फिजिशियनकडे जा, मात्रा हळूहळू उतरवायचं काम त्यांचं. दोन पुड्या मूळ कागदासकट कोरड्या डब्यात बाजूला ठेवा. लोक चिडून सगळं फेकून देतात आणि मग सिद्ध करायला काही उरत नाही.

कावीळ, साप आणि वेळ

काविळीवर गावठी औषध घेण्याची रीत जिल्ह्यात जुनी आहे. हेपॅटायटिस ए आणि ई ही विषाणूंची कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप बरी होते, त्यामुळे श्रेय झाडपाल्याला मिळतं. पण पित्तमार्गात खडा अडकला असेल किंवा लेप्टोस्पायरोसिस असेल तर ते आठवडे रुग्णाच्या जिवावर बेततात. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून हेपॅटायटिस ईची मोठी साथ आली होती. शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईला हा आजार झाला तर चारांपैकी एक दगावू शकते. डोळे पिवळे दिसले की आधी बिलिरुबिन, एसजीपीटी आणि पीटी-आयएनआर या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. रुग्ण बरळू लागला किंवा झोपेतून उठेना, तर थेट मोठं रुग्णालय.

पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडे भातलावणीच्या दिवसांत साप चावला तर तो अवयव हलू न देता, काहीही न आवळता, प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. कुत्रा चावल्यास जखम १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लस त्याच दिवशी सुरू करा. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. इन्सुलिन, फिट्स आणि टीबीच्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

तक्रार करायची तर

‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘मुतखडा विनाऑपरेशन हमखास’ अशी जाहिरात १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात बसत नाही. त्याच्या यादीतल्या आजारांवर, म्हणजे मधुमेह, कर्करोग, उच्च रक्तदाब, फिट्स, लठ्ठपणा वगैरेंवर, औषधाची जाहिरातच करता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

पॅम्प्लेटच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. वर्तमानपत्रातली जाहिरात असेल तर तारीख आणि पान क्रमांक दिसेल असं अख्खं पान ठेवा. व्हॉट्सॲपवर आली असेल तर नंबर आणि तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. जाहिरात आणि भेसळ यांची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा, टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. नोंदणी नसलेल्याची तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, गावात तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे द्या. नोंदणी असलेल्याच्या गैरवर्तनाची तक्रार त्याच्या परिषदेकडे. औषधाचा त्रास झाला असेल तर १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर औषध-दुष्परिणामाची नोंद होते.

अर्ज दोन प्रतींत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. तोंडी तक्रारीवर बहुधा काही घडत नाही. महिनाभर हालचाल नसेल तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका. राज्याच्या नियमाप्रमाणे तो १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. विचारा: अर्ज कुणाकडे सोपवला, कोणत्या तारखेला, काय कारवाई झाली. उत्तरासाठी ३० दिवस असतात. पैसे परत किंवा भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. त्यासाठी बिल लागतं, म्हणून पहिल्याच भेटीत पावती मागून घ्या.