सोलापूरहून बदामी: लाल दगडांमधली एक दिवसाची भटकंती कशी आखायची

आपल्या सोलापुरातनं बदामीला जाणारे काही कमी नाहीत. बनशंकरी कित्येक घरांची कुलदेवी, त्यामुळे वर्षातनं एकदा तरी गाडी तिकडं वळतेच. पण होतं काय, दर्शन घ्यायचं, चार लेण्या तासाभरात उरकायच्या, तळ्याकाठी फोटो काढायचे आणि परत. तो लाल डोंगर पायी हिंडायचा राहूनच जातो, आणि मला विचाराल तर बदामीत खरं बघायचं ते तेच आहे. त्यासाठी फार मोठं ट्रेकर असायची गरज नाही, रोज थोडंफार चालणाऱ्या माणसाला नीट जमतं, फक्त ऊन आणि पाणी या दोन गोष्टी धरून प्लॅन करायचा.

आधी कधी जायचं ते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, एवढंच. मार्चनंतर तो दगड असा तापतो की सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसानंही नाद करू नये. पावसाळ्यात अक्का-तंगी धबधबा सुरू होतो, दिसायला सुंदर, पण ओल्या दगडावर पाय घसरतो म्हणून पहिल्यांदा जाणार असाल तर नकोच. अजून एक, पौष पौर्णिमेला बनशंकरीची मोठी जत्रा असते, त्या दिवसांत बदामीत रूम मिळणं अवघड, रस्तेही भरलेले. जत्राच करायची असेल तर खुशाल जा, पण मग डोंगर दुसऱ्या वेळी.

अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. टाकळीला भीमा ओलांडायची, विजापूर, मग कोल्हारचा कृष्णेवरचा पूल आणि पुढं केरूर नाहीतर बागलकोटवरनं बदामी. गाडीनं चार-साडेचार तास धरा. पहाटे निघून त्याच दिवशी परत येतो म्हणणारे असतात, पण तसं केलं की डोंगरावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं, म्हणून आदल्या दिवशी दुपारी निघा, रात्री बदामीत मुक्काम करा. रेल्वेचाही पर्याय आहे, सोलापूर-विजापूर-गदग लाईनवरच बदामी स्टेशन लागतं, फक्त ते गावापासनं पाचेक किलोमीटर लांब आहे, तेव्हा रात्री उशिरा उतरणार असाल तर लॉजवाल्याला आधीच सांगून ठेवा.

आता मुख्य भाग. सकाळी उजाडता उजाडता निघायचं ते सिडलाफडीला. हा गावाबाहेर डोंगरपठारावर असलेला दगडाचा नैसर्गिक पूल, म्हणजे कमानच म्हणा ना, खाली सावलीची मोठी जागा, दगडाला पडलेल्या भोकांतनं उजेड खाली येतो. फार जुन्या काळी इथं माणसं राहायची, भिंतीवर चित्रं आहेत पण पुसट झालीत, डोळे सरावले की दिसायला लागतात. हात लावू नका आणि पाणी मारून तर अजिबात बघू नका, काही लोक फोटोत रंग उठून यावा म्हणून करतात तसं, त्यानं चित्रं जातात.

जाऊन येऊन सात-आठ किलोमीटर होतात. चढ फार नाही, पण वाटेत सावली जवळजवळ नाही आणि काटेरी झुडपांतनं गुराख्यांच्या इतक्या वाटा फुटतात की कुठली आपली ते कळत नाही. म्हणून गावातला माहितगार माणूस सोबत घ्याच, लॉजवर विचारलं की मिळतो, पैसे आधी ठरवून घ्या. आपल्यातल्या बऱ्याच जणांना कन्नड येतंच, त्याचा इथं फार उपयोग होतो, दोन शब्द त्यांच्या भाषेत बोललात की माणूस न विचारता चार जागा जास्तीच्या दाखवतो. मॅप ऑफलाईन डाउनलोड करून ठेवा.

चालताना घाई करू नका, दगड बघा. आपल्याकडचा काळा दगड लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा. हा लाल दगड त्याहून कितीतरी जुना, वाळू साचून दाबून तयार झालेला, लोखंडाच्या गंजानं लाल झालेला. कड्याला जवळ जाऊन बघितलं तर आडवे थर दिसतात आणि त्या थरांच्या आत तिरक्या तिरक्या बारीक रेघा, म्हणजे पाण्यानं वाळू कुठल्या बाजूला ढकलत नेली ते तिथं तसंच राहिलंय. बोट फिरवलं की वाळूचे कण बोटाला लागतात. हे एकदा डोळ्यात बसलं की मग लेण्यांतल्या खांबांवरचे पट्टेपण वेगळेच दिसतात, तिथं रंगकाम नाही, दगडाचेच थर आहेत ते.

सामान थोडकंच. माणशी तीन लिटर पाणी, यात कंजूषी नको, डोंगरावर भरून घ्यायची खात्रीची जागा नाही. पकड चांगली असलेले बूट, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, इलेक्ट्रॉलची दोन पाकिटं. खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, नाहीतर धपाटे, दिवसभर काही होत नाही त्याला. पण हे सगळं सॅकमध्ये चेन लावून, कारण लेण्यांजवळची माकडं हातातली कॅरीबॅग बघितली की ती घेतल्याशिवाय जात नाहीत. कड्यांना आग्या मोहोळं असतात, तिथं धूर, आरडाओरडा, सेंटचे फवारे नको.

अकराच्या आत खाली या, जेवा, आराम करा. कडक ऊन असतं ती वेळ लेण्यांना द्या, आत गार असतं. पहिल्या लेणीच्या बाहेर अठरा हातांचा नटराज, तिसऱ्या लेणीत चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा इ.स. ५७८ चा शिलालेख, ही लेणी तर निवांत बसून बघायची. तिथून वरच्या दक्षिण किल्ल्याकडं जाणारी वाट बंद आहे, गेट ओलांडायचा प्रयत्न करू नका. ऊन उतरलं की समोरच्या उत्तर किल्ल्यावर जा, म्युझियमशेजारनं वाट आहे, दोन उंच कड्यांच्या मधल्या अरुंद फटीतनं पायऱ्या चढतात, तासाभरात आरामात होतं. म्युझियम शुक्रवारी बंद असतं. पाय शिल्लक असतील तर तळ्याच्या काठानं भूतनाथ मंदिरापर्यंत चालत जा.

त्याच संध्याकाळी परतायचं असेल तर चार वाजताच निघा, मग भूतनाथ सोडून द्यावं लागेल. हे दिवस उसाच्या हंगामाचे, अंधार पडला की रस्त्यात मागचे लाईट नसलेल्या ट्रॉल्या असतात आणि दिवसभर चाललेल्या ड्रायव्हरला झोप येते. गाडीत दुसरा चालवणारा नसेल तर अजून एक रात्र थांबा, सकाळी बनशंकरीचं दर्शन घेऊन निघा, जेवायच्या वेळेपर्यंत घरी पोचता.